तुकडे जोडणारी विसिंग

विसिटासिओन लुमापासला ऑफिसात पूर्ण नावानं कुणी हाक मारत नसे. धाकटे तिला ‘मानांग विसिंग’ म्हणत, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. पाठीमागे ‘टाचणी’ म्हणत आणि ते तिला माहीत होतं. वय अठ्ठेचाळीस, अंगानं काटकुळी, केस मागे घट्ट ओढून बांधलेले. बोलणं असं, की समोरच्याला टोचल्याशिवाय वाक्य पुरं व्हायचं नाही.

ती मूळची कारकार गावची. बाप चपला शिवायचा. एकोणिसाव्या वर्षी ती सेबू शहरात आली ती टायपिंगच्या नोकरीसाठी. परदेशातली कायद्याची पुस्तकं, डॉक्टरांची मासिकं टाइप करायची, त्यात संगणकाला समजतील अशा खुणा घालायच्या आणि परत पाठवायची, असं कंपनीचं काम होतं. एकच पान दोन मुली वेगवेगळ्या टाइप करत आणि मशीन दोन्ही ताडून बघे. जिची चूक निघेल तिनं पुढचं पान येईपर्यंत उभं राहायचं. तीन वर्षांत विसिंग एकदाही उभी राहिली नाही. बसल्या जागेवरून ती उभ्या असलेल्यांकडे बघायची. त्या बघण्यामुळेच तिला कधी मैत्रीण मिळाली नाही. लग्नही झालं नाही.

तिशीत तिनं झेरॉक्स काढलेल्या पुस्तकावरून प्रोग्रॅम लिहायला शिकून घेतलं. कंपनीत येणाऱ्या एक्सएमएल फाइली तेव्हा एवढ्या मोठ्या असत, की अख्खी फाइल मशीनच्या पोटात मावत नसे. ती वाहत्या वाहत्या वाचावी लागे. मशीन वाचत पुढे सरकतं आणि हाका मारत जातं: नावाची खूण उघडली, मजकूर आला, खूण मिटली. हाक आली की तेवढं काम करायचं आणि पुढच्या हाकेला तयार राहायचं. मागे वळून बघायची सोय नाही. या हाका झेलायला विसिंगनं मदतनीस फंक्शनांचा आणि क्लासांचा, म्हणजे प्रोग्रॅममधल्या लहान लहान घटकांचा, एक संचच लिहिला. एक फंक्शन मजकुरातली वेडीवाकडी चिन्हं निरुपद्रवी करून ठेवी, म्हणजे मशीनला ती खूण वाटू नयेत. एक अवतरणचिन्हं सांभाळी. एक क्लास वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्याच्या मधोमध चाळणीसारखा उभा राही.

पण तिचा खरा जीव होता तो ‘तिगोम’ नावाच्या क्लासवर. तिगोम म्हणजे आमच्या बोलीत साठवणं, गोळा करणं. मशीन फाइल घासाघासानं वाचतं. घास संपला की मजकूर मधेच तुटतो आणि एकच नाव दोन हाकांमध्ये येतं. तिगोम ते तुकडे खूण मिटेपर्यंत धरून ठेवी आणि मग अख्खं नाव पुढे देई. सोळा वर्षं हे चाललं. एवढ्या वर्षांत एकही तुटलेलं नाव परदेशी गेलं नाही.

रेनियर काबाहुग तिच्याच हाताखाली शिकला. तेवीस वर्षांचा, कॉलेजातून नुकता आलेला, गोरागोमटा, हसरा. विसिंग त्याला ‘दोंग’ म्हणायची, पोरगेल्या पुरुषाला म्हणतात तसं. त्याच्या पहिल्या कामात तिनं एकोणतीस चुका काढल्या आणि त्या त्याला सगळ्या विभागासमोर मोठ्यानं वाचायला लावल्या.

सातव्या चुकीला त्याचा आवाज चिरकला. मुली हसल्या.

“मोठ्यानं, दोंग,” विसिंग म्हणाली. “चूक करताना लाजला नाहीस, मग आता कशाला?”

त्यानं एकोणतीसच्या एकोणतीस वाचल्या. नंतर तो कधी तिच्याशी भांडला नाही. आठ वर्षांत तो तिच्या वर जाऊन बसला आणि ती त्याला ‘सर रेनियर’ म्हणू लागली. त्यानं मात्र ‘मानांग’ म्हणणं सोडलं नाही. तो मान देऊनच मारायचा.

सगळ्यात आधी त्यानं तिचं टेबल हलवलं. खिडकीजवळून थेट फोटोकॉपी मशीनच्या शेजारी. “मानांगना उजेडाचा त्रास होतो,” असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. मग दर सोमवारच्या बैठकीत तो तिचा कोड पडद्यावर लावायचा.

“बघा, हे लिहिलं तेव्हा आपली जेमालिन बालवाडीत होती,” तो म्हणायचा. जेमालिन ही नवी टायपिस्ट. ती ओशाळं हसायची आणि बाकीचे मोकळेपणानं हसायचे. “चारशे ओळी! कशासाठी? तर तुकडे जोडायला. मानांग, हे तुकडे दाखवा ना एकदा. मी चाळीस फाइली चालवल्या, एक नाव तुटलेलं नाही.”

“लहान फाइली असतील, सर. लहान फाइल एका घासात संपते.”

“एका घासात!” रेनियरनं सगळ्यांकडे बघितलं. “मानांगना भूक लागलीय. चला, बैठक संपली.”

त्याच आठवड्यात त्यानं तिगोम काढून टाकला. त्याचा नवा कोड साठ ओळींचा होता. मजकुराची हाक आली की आधीचं पुसायचं आणि नवं ठेवायचं, इतकं सोपं. विसिंगनं एका दुपारी तो कोड गुपचूप एका जाडजूड जुन्या फाइलवर चालवला. साठ हजार नोंदींमध्ये दोनशेसहा ठिकाणी मजकूर तुटला होता आणि तुटलेल्याचं फक्त शेपूट उरलं होतं. तिनं त्याचा कागद छापला. कोपऱ्यात तारीख उमटली. कागद घेऊन ती रेनियरच्या दारापर्यंत गेली. आत तो कुणाला तरी फोनवर सांगत होता, “म्हातारीला आता यूजर मॅन्युअल लिहायला बसवतो, तेवढाच विरंगुळा.”

ती परत फिरली. कागद टेबलाच्या खणात गेला.

पुढच्या महिन्याच्या शेवटी परदेशी मोठा माल जायचा होता, पहिल्यांदाच नव्या कोडमधून. तिकडचे लोक तपासतील, शेपटं उरलेली नावं बघतील आणि रेनियरला सगळ्यांसमोर वाचून दाखवतील. विसिंगला फक्त थांबायचं होतं. त्या दिवसांत ती घरी जाताना जीपनी बसमध्ये मनातल्या मनात हसायची, इतका तिला त्याचा आनंद झाला होता.

खाली तळमजल्यावर एपिफानियाची खाणावळ होती. विसिंग तिला ‘नांग एपांग’ म्हणे. एपांग तिच्याहून चार वर्षांनी मोठी, आडव्या बांध्याची, मोठ्या आवाजाची. तिच्या इथे विणलेल्या पानांत शिजवलेला पुसो भात आणि मुगाची आमटी खायला विसिंग बावीस वर्षं येत होती. एपांगला मुलगी एकच, लोरेली. लहानपणी ती शाळेतून आली की विसिंगच्या समोर बसून गणितं सोडवायची. विसिंग तिलाही टोचायची, पण लोरेली तिला घाबरत नसे. “मानांग, तुमच्या तोंडाला साखर लावू का?” असं ती विचारायची आणि या एका मुलीच्या तोंडून ते विसिंगला चालायचं. आता लोरेली सव्वीस वर्षांची झाली होती आणि समार बेटाच्या किनाऱ्यावर बालुदन गावात शिक्षिका होती.

परदेशी माल जायला दहा दिवस उरले असताना वादळ आलं. सेबूवर नुसता वारा झाला, पण समारच्या त्या किनाऱ्यावर समुद्र तीन मैल आत शिरला. फोन बंद, रस्ते बंद. गावोगावच्या निवाऱ्यांतून आणि दवाखान्यांतून माणसांच्या याद्या येऊ लागल्या. नाव, वय, गाव आणि शेवटी स्थिती: ‘फाउंड’ किंवा ‘नॉट फाउंड’. त्या एकत्र करायचं काम आमची कंपनी फुकट करील, असं मालकीणबाईंनी जाहीर केलं. रेनियरनं सगळ्यांना एकत्र बोलावलं.

“चाळीस हजार नोंदी आहेत. नवा कोड वापरू, दोन तासांत यादी बाहेर.” मग तो फोटोकॉपी मशीनकडे वळला. “मानांग, तुमचं काही म्हणणं? आजचा दिवस ऐकून घेतो.”

दोघंतिघं हसले. विसिंगच्या जिभेवर होतं, दोनशेसहा. पण तिला ते हसू दिसलं, आणि त्याचा चेहराही.

“मी काय म्हणणार, सर?” ती म्हणाली. “मी झेरॉक्सशेजारी बसते.”

तिनं मनात हिशोब केला होता. काही आडनावं तुटतील, लोकांना हसू येईल, दुरुस्त होतील. त्यात कुणाचं काय जाणार?

यादी निघाली, आणि खरंच काही नावांची शेपटंच उरली होती. ‘निवाऱ्यातल्या लोकांनी घाईत टाइप केलंय,’ असं रेनियरनं ठरवलं आणि हातानं दुरुस्त करायला जेमालिनला बसवलं. तास-दीड तासानं जेमालिन विसिंगच्या टेबलापाशी आली.

“मानांग, नावं लागतायत मला अंदाजानं. पण स्थितीच्या रकान्यात काही ठिकाणी नुसतं ‘आउंड’ आहे. एका ठिकाणी तर नुसतं ‘ड’. त्याचं ‘फाउंड’ करू ना?”

विसिंगनं वर बघितलं नाही. “मला काय विचारतेस? तुझ्या सरांना विचार.”

सर बैठकीत होते. जेमालिननं आपल्या बुद्धीनं काम उरकलं.

तिसऱ्या दिवशी यादी तळमजल्याच्या भिंतीवर लागली. अकरा वाजता खालून एपांगची अशी किंकाळी आली की तिसऱ्या मजल्यावरची माणसं जिन्यात धावली. एपांग भिंतीला गाल लावून उभी होती, एका ओळीवर बोट ठेवून. लोरेली, वय सव्वीस, बालुदन प्राथमिक शाळा. फाउंड.

“सापडली! माझी पोर सापडली! अरे, वाचा कुणीतरी, माझे डोळे फसवत नाहीत ना? दाय, तू वाच! तू कधी चुकत नाहीस!”

‘दाय’ म्हणजे विसिंग. विसिंगनं वाचलं. मोठ्यानं वाचलं, सगळ्यांसमोर. एपांगनं तिला कवेत घेऊन जमिनीवरून उचललं. दुपारी तिनं सगळ्या इमारतीला पान्सित शेवया खाऊ घातल्या. विसिंगनं दोन ताटल्या खाल्ल्या. हात धुवून वर जाताना ती यादीसमोर पुन्हा थांबली, ती निव्वळ सवयीनं. सगळ्या ओळींत ‘फाउंड’चं पहिलं अक्षर मोठं होतं, इंग्रजीत सुरुवातीला असतं तसं. लोरेलीच्या ओळीत ते लहान होतं. कुणीतरी हातानं टाइप केलेलं.

 वर जाऊन तिनं मूळ फाइल उघडली. ‘नॉट फाउंड’. तिथे मशीनचा घास संपला होता, ‘नॉट’ आणि त्याच्या पुढचं एक अक्षर मागे पडलं होतं. अशा एकूण नऊ नोंदी होत्या.

खणातला जुना कागद आणि नवा कागद घेऊन ती रेनियरच्या खोलीत शिरली. दार वाजवलं नाही. त्यानं दोन्ही कागद शांतपणे वाचले. त्याचा रंग उतरला, हे तिनं पाहिलं. मग त्याचं बोट जुन्या कागदाच्या कोपऱ्यावर थांबलं.

“ही तारीख काय आहे, मानांग?”

तिनं कागद घ्यायला हात पुढे केला, त्यानं तो सोडला नाही.

“पाच आठवडे. पाच आठवडे तुम्ही हे खणात ठेवलंत.” तो जवळजवळ प्रेमानं बोलत होता. “मी मूर्ख आहे, मान्य. मला माहीत नव्हतं. तुम्हाला तर माहीत होतं.”

“मी बैठकीत सांगितलं होतं.”

“घास, म्हणालात. हा कागद दाखवला असतात तर मी त्याच दिवशी थांबलो असतो. मी थांबावं असं तुम्हाला वाटतच नव्हतं.” त्यानं कागद तिच्याकडे सरकवला. “मी यादी आत्ता बदलतो. कुणाला काही बोलायचं नाही. तुम्ही बोललात तर मी ही तारीख दाखवेन.”

यादी बदलली, जुनी मात्र तोवर गावोगाव पोहोचली होती. भिंतीवरचा कागदही बदलला. पण जुना कागद एपांगनं आधीच फाडून घेतला होता आणि ती बंदरावर गेली होती.

विसिंग धावत बंदरावर पोहोचली तेव्हा एपांग रांगेत होती. तिच्या पिशवीत सुकी मासळी, लोरेलीचे दोन फ्रॉक, नव्या सपाता, केसांचं तेल.

“आलीस? मला वाटलंच तू येशील,” एपांग म्हणाली. “खाणावळीची किल्ली ठेव तुझ्याकडे.”

“नांग, थांब जरा. ती यादी... यादीत चूक असू शकते.”

एपांगचं हसू विझलं. “काय बोलतेस?”

“चूक असू शकते, एवढंच म्हणते. नीट बघून मग जा.”

“सगळा जन्म लोकांच्या चुका काढण्यात गेला तुझा,” एपांग सावकाश म्हणाली. आजूबाजूचे लोक बघायला लागले. “पोटचं पोर असतं तर कळलं असतं. माझी पोर जिवंत आहे आणि तुला तिच्यातही चूक काढायचीय? तोंड बंद कर, दाय. आजच्या दिवस तरी.”

सांगायला एकच वाक्य हवं होतं, आणि ते विसिंगला पाठ होतं. पण ते वाक्य म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, तुला कसं माहीत? तिनं तोंड बंद केलं. बोट सुटली.

बालुदनला एपांगनं काय केलं ते नंतर तिनंच सांगितलं. शाळेच्या पटांगणात ओळीनं प्रेतं ठेवली होती. ओळखायला या, असं स्वयंसेवक ओरडून सांगत होते. एपांग तिकडे फिरकली नाही. तिला जिवंत माणसांत शोधायचं होतं. तिनं हातातला कागद दाखवला. निवाऱ्यातला माणूस म्हणाला, आमच्या यादीत ‘नॉट फाउंड’ आहे. ती त्याच्याशी भांडली. कुणीतरी म्हणालं, चाळीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात एक मुलगी आहे, बोलत नाही. एपांग चालत निघाली. ती मुलगी दुसरीच निघाली. एपांग दोन दिवस तिच्याजवळ बसली, कारण तिचं कुणी नव्हतं. परत आली तेव्हा पटांगण रिकामं होतं आणि शाळेमागे लांब खड्डा बुजवलेला होता. एका पत्र्याच्या डब्यात प्रेतांवरून काढलेल्या वस्तू ठेवल्या होत्या. त्यात लोरेलीचं शाळेचं ओळखपत्र होतं, फितीसकट. डब्यातल्या चिठ्ठीप्रमाणे एपांग पहिल्यांदा आली त्या दिवशी लोरेली प्रेतांच्या त्याच ओळीत होती, फाटकापासून सहावी.

एपांगनं परत येऊन खाणावळ उघडली. मोठा आवाज गेला होता. कागदावर तसं का आलं, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. सरकारी काम, असंच होतं, असं ती म्हणायची. प्रांताकडून कंपनीला मानपत्र मिळालं. ते घ्यायला रेनियर गेला आणि त्याच वर्षी तो सिंगापूरला मोठ्या जागेवर गेला. जाण्याआधी त्यानं तिगोम परत बसवला. मात्र वरचं विसिंगचं नाव काढून आपलं घातलं. 

अडीच महिने विसिंग रोज खाली जेवत होती. एका दुपारी गर्दी ओसरल्यावर तिनं चमचा खाली ठेवला आणि सांगितलं. कागद, खण, जेमालिनचा प्रश्न, बंदर. काही लपवलं नाही. एपांग टेबल पुसत होती. ती पुसतच राहिली, एकच जागा.

“पाच आठवडे?” तिनं शेवटी विचारलं.

“हो.”

“त्या रेनियरला पाडायला?”

“हो.”

“तो पडला का?”

विसिंगनं मान हलवली, नाही.

“बाकीचे आठ कोण?”

“नावं आहेत माझ्याकडे.”

“मग जा,” एपांग म्हणाली. “आठही घरी जा. त्यांच्या तोंडावर सांग. ते अजून वाट बघत असतील.”

विसिंग गेली. समारच्या किनाऱ्यावर आठ घरं, काही तर घरंही नव्हती, ताडपत्र्या होत्या. पहिल्या ठिकाणी एका बाईनं ऐकून घेतलं आणि मग ती विसिंगच्या तोंडावर थुंकली. दुसऱ्या ठिकाणी दोघा भावांनी तिला चिखलात ढकललं. तिसऱ्या घरातला माणूस जिवंत परत आला होता. त्यांनी तिला आग्रह करून जेवायला बसवलं, ‘तुमची यादीच खरी ठरली’ म्हणून हसले, आणि तो घास तिला गिळवेना. सहाव्या ठिकाणी एक म्हातारा तिला परत परत जुन्या यादीतली तीच ओळ वाचायला लावत राहिला. “फाउंड लिहिलंय ना? मग कशाला आलीस?” दिवस मावळेपर्यंत त्यानं तिला सोडलं नाही आणि त्याला पटलंही नाही. आठव्या घरातल्या मुलानं फोनमध्ये तिचं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं. ते कंपनीपर्यंत पोहोचलं. आतली गोष्ट बाहेर सांगितली म्हणून विसिंगला दुसऱ्याच दिवशी काढलं. एकोणतीस वर्षांचं सामान एका खोक्यात मावलं.

खोकं घेऊन ती खाणावळीत आली. एपांगनं आठही घरांचं विचारलं, एकेक. विसिंगनं सांगितलं.

“बरं,” एपांग म्हणाली. “आता माझ्याकडे येऊ नकोस. केलंस म्हणून मी माफ केलं, असं समजू नकोस. मला तुझं तोंड बघवत नाही.”

पुढे एपांग खाणावळ विकून बालुदनला राहायला गेली आणि तिथल्या शाळेत मुलांचा स्वयंपाक करू लागली. विसिंग कारकारला भावाच्या दुकानात चपलांचे तळ चिकटवते. भाऊ तिच्याशी बरा वागतो. दुकानातल्या मुली तिच्याशी फारशा बोलत नाहीत, तीही त्यांच्या चुका काढत नाही.

मृतांच्या दिवशी, नोव्हेंबरात, ती मेणबत्त्या घेऊन बोटीनं बालुदनला जाते. शाळेमागच्या खड्ड्यापाशी गावातल्या बायका बसलेल्या असतात, एपांग त्यांच्यात असते. पहिल्या वर्षी तिला बघून एपांग उठली आणि वाटेत आडवी उभी राहिली. विसिंगनं मेणबत्त्या रस्त्यावर ठेवल्या आणि परत फिरली. गेल्या वर्षीही ती गेली होती. एपांगनं तिला लांबूनच ओळखलं आणि शेजारच्या बाईला म्हणाली, “त्या बाईला प्यायला पाणी द्या आणि बोटीवर बसवून द्या. इकडे येऊ देऊ नका.”

त्या बाईनं विसिंगला पाणी दिलं. विसिंग ते उभ्यानं प्यायली, ग्लास परत केला आणि बंदराच्या दिशेनं चालू लागली.